चंदेरी वॅगनआरला टचअप : कोडवरून आणलेला रंग खरंच जुळतो का?

पाऊलवाट | १५ जून

नमस्कार मंडळी,

बाबांची २०११ ची वॅगनआर आहे, रंग सिल्की सिल्व्हर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून चालवते मी. पण रोज सकाळी फडकं घेऊन खाली जायचं आणि गाडी पुसायची हे काम अजून त्यांचंच.

गेल्या महिन्यात मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात खडीच्या डंपरमागे अडकले. घरी येऊन बघते तर बॉनेटवर सात ठिकाणी टवके. सहा बारीक आहेत, तांदळाच्या कणीएवढे. सातवा काचेजवळचा मोठा आहे, तिथे पत्रा दिसतो आणि कडेने तांबूस झालंय. शिवाय मागच्या दारावर कुणाच्या तरी स्कूटरचा वीतभर चरा. बाबा काही बोलत नाहीत, पण पुसताना त्या जागी त्यांचा हात थांबतो.

गॅरेजवाले म्हणतात, बॉनेट आणि दार दोन्ही पूर्ण मारून घ्या. चौदा वर्षं टिकलेला कंपनीचा रंग सात ठिपक्यांसाठी घासून काढायला माझं मन तयार नाही. म्हणून विचारते :

रंगाचा कोड कुठे सापडतो? कोडवरून आणलेली बाटली जुन्या गाडीला जुळते का? ब्रश बरा की स्प्रे? आणि पाऊस तोंडावर आलाय, आत्ता करू की दिवाळीपर्यंत थांबू?

घाटमाथा | १५ जून

मारुतीत बॉनेट उघडून आतल्या पत्र्याच्या पाटीवर बघा, नाहीतर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर. सिल्की सिल्व्हर म्हणजे झेड२एस असायला हवा, तरी पाटीवरचाच कोड धरा. होंडाचा कोड दाराच्या चौकटीत असतो. टोयोटाच्या पाटीवर 'सी/टीआर' असं लिहून पुढे रंग आणि आतल्या सजावटीचा कोड असतो. ०४० म्हणजे सुपर व्हाइट. फोक्सवॅगनचं स्टिकर बहुधा डिकीत स्टेपनीच्या खळग्यात सापडतं.

नुसतं 'सिल्व्हर द्या' असं दुकानात कधीही म्हणू नका.

रंगारी_काका | १५ जून

ताई, पुण्यात नाना पेठेत मी तीस वर्षं गाड्यांचे रंग मिसळायचं काम केलं. सविस्तर लिहितो, कारण चंदेरी रंगात फसलेली माणसं मी फार पाहिली.

कोड म्हणजे घराचा पत्ता नव्हे, गल्लीचं नाव. एकाच कोडचा रंग वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या घाण्यांत थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून रंग कंपन्या एका कोडखाली मूळ सूत्र देतात आणि सोबत दोन-चार उपप्रकार : एक जरा निळसर, एक पिवळसर, एक भरड दाण्याचा. चांगल्या दुकानात या सगळ्यांच्या रंगपट्ट्या असतात. त्या गाडीला लावून बघायच्या आणि मग काट्यावर ग्रॅमच्या हिशेबाने रंग मिसळायचा. काही ठिकाणी रंग मोजायचं यंत्र थेट पत्र्यावर टेकवतात. त्याने काम सोपं होतं, पण शेवटचा निवाडा डोळ्यांचाच.

पट्टी लावण्याआधी ती जागा धुऊन हलकं पॉलिश करा. चौदा वर्षांचा मळ वर असेल तर तुम्ही मळाशी रंग जुळवत बसाल. आणि ट्यूबलाइटखाली जुळलेल्या रंगावर भरवसा ठेवू नका. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात. बाहेर उन्हात न्या. समोरून बघा, मग बाजूला सरकून तिरके बघा. आम्ही त्याला साइड टोन म्हणतो. चंदेरीची खरी परीक्षा तिथे होते.

आता चंदेरी अवघड का? त्यात ॲल्युमिनियमचे अगदी बारीक चपटे कण असतात. स्प्रेने मारला की ते पत्र्यावर आडवे निजतात आणि आरशासारखा उजेड परत फेकतात. ब्रशने लावला की कसेही उभेआडवे पडतात, म्हणून तोच रंग, त्याच बाटलीतला, समोरून काळपट दिसतो. यात दुकानदाराचा दोष नसतो. साधा पांढरा किंवा साधा लाल असता तर ब्रशचा ठिपका शोधून सापडला नसता.

तेव्हा सहा बारीक टवक्यांना बाटली आणि टूथपिक. हातभर अंतरावरून दिसणार नाहीत. मोठ्या टवक्याला आधी गंज काढणं, मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मग रंग. चऱ्याबद्दल आधी सांगा, त्यावरून नख फिरवलं तर अडकतं का?

पाऊलवाट | १६ जून

काका, मनापासून आभार. नख अर्ध्या भागात अडकतं, अर्ध्या भागात नाही. पाटीवर झेड२एसच निघाला. बाबांनीच शोधला, चष्मा लावून.

रंगारी_काका | १६ जून

मग अर्धं काम फुकटात होईल. गाडीच्या रंगाचे थर असे असतात : पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक लॅकर. सगळं मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. जिथे नख अडकत नाही तिथे फक्त लॅकर खरवडलंय. रबिंग कंपाउंडने, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या पेस्टने, हलक्या हाताने घासा, निघून जाईल. नख अडकतं तेवढ्याच भागात रंग भरायचा.

दारातली_तुळस | १६ जून

आमच्याकडे बारीक ओरखड्यांना टूथपेस्ट लावतात, आणि टवक्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब. माझ्या ऑल्टोवर दोन्ही केलंय, छान दिसतं. एवढा खटाटोप खरंच लागतो का?

घाटमाथा | १६ जून

टूथपेस्ट चालते, कारण त्यात बारीक घासणारी पूड असते. म्हणजे गरिबाचं कंपाउंडच. पण फक्त लॅकरवरच्या ओरखड्यांना. नेलपॉलिशबद्दल काकाच सांगतील.

रंगारी_काका | १७ जून

तुळसताई, टवका ताजा आणि स्वच्छ असेल तर नेलपॉलिशने काही दिवस पाणी अडतं. प्रवासात असाल, दुसरं काही हाताशी नसेल, तर जरूर लावा. पण ते बोनेटच्या उन्हासाठी बनलेलं नाही. पिवळं पडतं, कडेने सुटतं आणि खाली ओल धरून ठेवतं. पुढे खरा रंग लावायच्या आधी ते पूर्ण काढावंही लागतं. गंज लागलेल्या जागी तर मुळीच नको.

कोकणची_हवा | १७ जून

रत्नागिरीहून लिहितोय. काकांचं सगळं मान्य, पण 'आत्ता की दिवाळीनंतर' हा प्रश्न मधेच राहिला, आणि माझ्या मते तोच पहिला आहे.

गंज वाट बघत नाही. माझ्या गाडीच्या मागच्या चाकावरच्या कमानीला मे महिन्यात नखाएवढा टवका होता. पाऊस संपू दे म्हणून थांबलो. ऑक्टोबरात बघतो तर भोवतीचा रंग फुगलेला, टोकरला तर रुपयाएवढा पापुद्रा निघाला. गंज रंगाच्या खालून पसरतो, वरून कळत नाही. आमच्याकडे हवेत मीठ आहे म्हणून लवकर झालं असेल, पण पत्रा उघडा असेल तर नाशिकच्या पावसातही तो सुटणार नाही.

रंग जुळो न जुळो, पत्रा आधी झाका. दिसण्याचं नंतर बघू.

रंगारी_काका | १७ जून

शंभर टक्के बरोबर. मी रंगाच्या नादात हे मागे ठेवलं. ताई, या आठवड्यात उघडीप बघून मोठ्या टवक्याचा गंज काढा आणि प्रायमरने बंद करा. रंगाला घाई नाही. दमट हवेत साधं लॅकर वाळताना थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो. जुलैत आमच्या दुकानात हीच तक्रार घेऊन निम्मी गिऱ्हाइकं यायची.

पाचवा_गिअर | १८ जून

माझं मत वेगळं आहे. ठिपके लावून गाडी देवीच्या व्रणांसारखी दिसते. चांगल्या पेंटरकडून बॉनेट पूर्ण मारून घ्यावं, दोन दिवसांत विषय संपतो. मी माझ्या चंदेरी होंडा सिटीचं बॉनेट मारलंय आणि मला फरक दिसत नाही.

हिशेबनीस | १८ जून

पूर्ण पॅनल मारायचं तर विम्याचा हिशेब आधी करा. एका क्लेमने नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाते. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के अशी ती शिडी आहे, आणि घसरलात की पायथ्याशी. शिवाय साध्या पॉलिसीत रंगकामाच्या मालावर ५० टक्के घसारा कापतात. बिलात माल आणि मजुरी वेगळी दाखवली नसेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम माल म्हणून धरतात. झिरो डेप असेल तर हा घसारा कापत नाहीत, पण चौदा वर्षांच्या गाडीला ते कवच मिळणं अवघड. सात ठिपक्यांसाठी ५० टक्क्यांच्या बोनसवर पाणी सोडू नका.

मिशिगनकर | १८ जून

पाचवा_गिअर यांच्याशी सहमत नाही. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे टवका भरणं हे तेल बदलण्याइतकं नेहमीचं काम आहे. डीलरकडे कोड सांगितला की पेन मिळतं, एका टोकाला रंग आणि दुसऱ्या टोकाला लॅकर. दर वर्षी एप्रिलमध्ये गाडी धुऊन दोन तास बसतो आणि सगळे टवके भरतो. जवळून ठिपके दिसतात, हो. पण दहा हिवाळे काढलेल्या बॉनेटवर गंजाचा एक डाग नाही. मला तेवढं पुरतं.

रंगारी_काका | १९ जून

पाचवा_गिअर, तुमचा पेंटर चांगला होता म्हणून फरक दिसत नाही. चांगला पेंटर बॉनेटपुरतं थांबत नाही. तो रंग शेजारच्या फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, विरळ करत नेतो आणि लॅकर पूर्ण फेंडरवर मारतो, म्हणजे नवं कुठे संपलं आणि जुनं कुठे सुरू झालं ते डोळ्याला सापडत नाही. एक बॉनेट जुळवायला दोन फेंडर गुंतवावे लागतात. घाईचं गॅरेज हे करत नाही, आणि मग चंदेरी गाडी तीन तुकडे जोडल्यासारखी दिसते.

दुसरं, कंपनीचा रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो. बाहेर तेवढं तापमान देता येत नाही, कारण गाडीत वायरी, रबर, प्लास्टिक सगळं बसलेलं असतं. मूळ रंगाची चिवटाई परत येत नाही. म्हणून तो जेवढा वाचेल तेवढा वाचवावा, हे मी स्वतः रंग विकत असतानाही सांगायचो.

पाचवा_गिअर | १९ जून

भट्टीचं माहीत नव्हतं. आता फेंडर नीट बघितले, खरंच त्यांच्यावरही लॅकर मारलेलं दिसतंय. मत थोडं बदललं, ताईंनी आधी बाटलीच वापरून बघावी.

जुनी_पेठ | २० जून

थोडं अवांतर. आमच्या वाड्याशेजारच्या गॅरेजमधले आजोबा स्प्रेच्या रंगाला सरसकट 'ड्युको' म्हणायचे. मला ते मराठीच वाटायचं. पुढे कळलं की ड्युको हे ड्युपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. १९२३-२४ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर ते पहिल्यांदा आलं. त्याआधी गाडीचा रंग वाळायलाच आठवडे लागायचे. आजही सुतार कपाटाला 'ड्युको मारू का' विचारतो तेव्हा मला ते आजोबा आठवतात.

गिरणगाव | २० जून

छान माहिती. अवांतरात माझीही भर : नेरोलॅकची सुरुवात आमच्या लोअर परळची. १९२० साली गहागन पेंट्स नावाने. माझे आजोबा गिरणीत होते, पण चाळीतले दोन शेजारी रंगाच्या कारखान्यात. ते कुठल्याही गाडीकडे बघून आधी रंगाबद्दल बोलायचे, गाडीबद्दल नंतर.

सोलापुरी_चादर | २२ जून

धाग्याच्या विषयाला धरून एक इशारा. माझ्या ग्रे गाडीच्या दारावर चरा होता. बाजारातून 'ग्रे' लिहिलेला स्प्रेचा डबा आणला, आजूबाजूला कागद लावला आणि मारला. तीन चुका झाल्या. कोड बघितला नव्हता. कागदाची कड सरळ ठेवल्यामुळे रंगाची स्पष्ट रेघ उमटली, ती कड वर दुमडून ठेवायची असते. आणि वारा होता, त्यामुळे तुषार मागच्या काचेवर आणि शेजाऱ्यांच्या गाडीवर गेले. शेजाऱ्यांची गाडी क्ले बारने (पत्र्यावर चिकटलेले कण उचलणारा मातीसारखा गोळा) स्वतः साफ करून दिली, पूर्ण रविवार गेला. आपल्याला वीतभर चऱ्यासाठी डबा नकोच.

रंगारी_काका | २२ जून

आणि डबा घेतलाच, तर त्यावर दोन घटकांचं हार्डनरवालं लॅकर लिहिलंय का ते बघा. ते टिकाऊ असतं, पण त्यात आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसाला वाईट. साधा कापडी मास्क पुरत नाही. बंद पार्किंगमध्ये तर कधीच नको. माझ्याबरोबरच्या एका कारागिराला त्यातून दम्याचा त्रास लागला, हे डोळ्यांनी पाहिलंय.

निळी_बादली | २४ जून

पाऊलवाट, बाबा रोज पुसतात ना? कोरड्या फडक्याने पुसत असतील तर बारीक वर्तुळाकार ओरखडे त्यातूनच येतात. धूळ म्हणजे बारीक वाळूच. आमच्या सोसायटीत सकाळी तीस गाड्या एका बादलीत पुसणारे दादा आहेत. त्यांना आम्ही चार घरांनी मिळून मायक्रोफायबरची फडकी आणि दुसरी बादली घेऊन दिली. त्यांनाही काम सोपं झालं.

पाऊलवाट | २५ जून

ताई, बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी जुन्या धोतराचं फडकं लगेच बाजूला ठेवलं आणि म्हणाले, मग आधी पाणी मारत जाईन.

रविवारी उघडीप होती. मोठ्या टवक्याचा गंज टोकदार ब्लेडने आणि घासायच्या पॉलिश पेपरच्या तुकड्याने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि प्रायमर लावला. आता राखाडी ठिपका दिसतो. पाऊस बिनधास्त पडू दे.

कोकणची_हवा | २५ जून

उत्तम! आता निवांत झोपा.

वाचनमात्र | ३ जुलै

वाचनखूण साठवली. काका, दुकानात जाताना गाडी नेणं शक्य नसेल तर?

रंगारी_काका | ३ जुलै

पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून न्या. बाहेरचं, रंगवलेलं. बऱ्याच गाड्यांत ते सहज सुटतं. मात्र ते उभ्या बाजूला असतं, बॉनेटएवढं ऊन त्याने खाल्लेलं नसतं, हे लक्षात ठेवा. लाल गाडीत तर बॉनेट आणि दार यांतच फरक पडलेला असतो. चंदेरी त्या मानाने उन्हाला टिकते, तिचं लॅकर आधी जातं.

पाऊलवाट | ९ नोव्हेंबर

मंडळी, धागा वर आणतेय. काम झालं!

ऑक्टोबरमध्ये झाकण घेऊन दुकानात गेले. झेड२एसच्या तीन पट्ट्या निघाल्या. दुकानातल्या दादांनी पहिलीच उचलली होती, मी त्यांना बाहेर उन्हात चला म्हटलं. समोरून तिन्ही सारख्या, तिरकं बघितलं तर एक निळसर, एक मळकट, आणि तिसरी झाकणात मिसळून गेली. तिसरीचा रंग करून घेतला, सोबत लॅकर.

घरी सावलीत, बॉनेट गार असताना बसलो, मी आणि बाबा. बाटली दोन-तीन मिनिटं हलवत राहायची जबाबदारी त्यांची, कारण कण तळाशी बसतात. आधी पुठ्ठ्यावर लावून वाळवून बघितला. मग टूथपिकने प्रत्येक टवक्यात थेंब, टोकाने नुसता सोडायचा, पसरवायचा नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन वेळा, पातळ. दुसऱ्या दिवशी लॅकर, आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर येईल इतकं. दहा दिवस हात लावला नाही. मग दोन हजार नंबरचा पेपर खोडरबराच्या तुकड्याला गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, फक्त उंचवट्यावर. शेवटी कंपाउंड.

बारीक सहापैकी चार मला शोधावे लागतात. मोठा दिसतो, थोडा काळपट, काका म्हणाले तसाच. दाराचा अर्धा चरा नुसत्या कंपाउंडने गेला, उरलेला भरलाय, तिरकं बघितलं तर केसाएवढी रेघ दिसते.

एकच घोटाळा : दारावर मी पेपर जरा जास्त घासला आणि रुपयाएवढ्या भागातलं लॅकर मंद झालंय. कंपाउंडने चमक येत नाहीये. काय करू?

रंगारी_काका | ९ नोव्हेंबर

ताई, काम पाहून फार बरं वाटलं. मंद जागा ओली करून बघा. ओली असताना चमक सारखी दिसली तर लॅकर शाबूत आहे, पेपरच्या रेघा राहिल्यात. तीन हजारचा पेपर ओला फिरवा आणि मग कंपाउंड, फोमच्या पॅडने, जरा वेळ देऊन. पांढऱ्या फडक्यावर चंदेरी-राखाडी रंग उतरू लागला तर मात्र तिथेच थांबा, लॅकर संपलंय. आणि नव्या ठिपक्यांवर महिनाभर वॅक्स नको, आतलं थिनर पूर्ण उडू द्या.

पाऊलवाट | १० नोव्हेंबर

ओलं करून बघितलं, चमक सारखी आहे. फडकंही पांढरंच राहिलं. तीन हजारचा पेपर आणायला बाबा आत्ताच खाली उतरलेत, चालत.

कोकणची_हवा | १० नोव्हेंबर

बाबांना आमचा नमस्कार सांगा. आणि मोठ्या टवक्याचा कडेने फोटो टाका, पावसाळ्यानंतर रंग कुठे फुगला नाही ना, तेवढं बघू.